कपाळाला लावलेला फोन

आमच्या नोंगखाम गावच्या विहारात वर्षातून एकदा, भाताची शेतं रिकामी होऊन उन्हं तापायला लागली की, सर्वस्व देऊन टाकणाऱ्या राजपुत्राचं आख्यान गाऊन सांगतात. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत तेरा अध्याय. प्रत्येक अध्यायाचे भंते वेगळे, चाल वेगळी आणि दान देणारा यजमानही वेगळा. यजमानांची नावं कर्ण्यावरून पुकारायचं काम माझ्याकडे असतं. हा दिवस मी उभ्या आयुष्यात चुकवलेला नाही. माझं लग्न नेमकं त्याच दिवशी निघालं होतं, ते मी आठवडाभर पुढे ढकललं. बायको ते अजून विसरलेली नाही.

तेरापैकी गावाचा जीव एकाच अध्यायात. राजपुत्र आपली दोन लेकरंसुद्धा एका म्हाताऱ्या याचकाला देऊन टाकतो, तो अध्याय. लेकरं घाबरून तळ्यात उतरतात, कमळाच्या पानांआड लपतात, आणि बाप काठावर उभा राहून त्यांना हाका मारतो. आमचे मोठे भंते फोम्मा हा अध्याय गातात. वय ऐंशीच्या पुढे, पण त्या हाकेला आवाज असा लागतो की पानाची चंची उघडून बसलेल्या बायांचे हात जागच्या जागी थांबतात.

माझे दाजी बुन्थान दर वर्षी या अध्यायाला हमसून रडायचे. धंदा म्हशींचा. आईपासून रेडकू तोडून, दावं ओढत घेऊन जाणारा माणूस. बाजारात त्यांचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचा. पण विहारात पाऊल टाकलं की त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आणि आमची यजमान ठरवायची बैठक म्हणजे तर बाजारच. जो आधी आणि मोठ्यानं ओरडेल त्याचा अध्याय. दाजी जन्मभर "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी" करत राहिले आणि गेल्या पावसाळ्यात गेले. दहनाच्या दिवशी लमदुआनताई त्यांच्या फोटोपुढे सगळ्यांदेखत म्हणाली, "या वर्षी लेकरांचा अध्याय तुमच्या नावानं होणार. तुम्ही ओरडला नाहीत, मी ओरडेन."

आणि नेमकं याच वर्षी ओरडणं बंद झालं.

त्याचं असं झालं, गावची निम्मी पोरं तैवानला नाहीतर बँकॉकला. त्यांचं म्हणणं, आम्ही बैठकीला नसतो म्हणून आम्हाला अध्याय कधी मिळतच नाही. दान ऑनलाइन घ्या. शेजारच्या गावात दानपेटीवर कुणीतरी आपलाच क्यूआर चिकटवून गेला होता, त्यामुळे साधा क्यूआर नको, व्यवस्थित सुरक्षित फॉर्म हवा असं ठरलं. काम आलं ताईच्याच लेकीकडे, खिंगकडे. ती बँकॉकला दुकानांच्या साइटवर पैसे भरायची पानं बसवते. पुण्य म्हणून ती फुकट करायला तयार झाली.

भंते फोम्मांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "पोरी, लोकांच्या कार्डांचे आकडे विहारात राहणार का?"

"नाही, भंते. तुम्ही पैशाला हात लावता का?"

"लावत नाही. नियम आहे."

"आपली साइटपण लावणार नाही. ती फक्त विचारणार, कुठला अध्याय आणि कुणाच्या नावानं. कार्डाचा आकडा बँकेच्या पानावर. बँक आपल्याला एवढंच सांगणार, मिळाले. कार्ड साइटला दिसणारसुद्धा नाही."

भंते हसले. "म्हणजे तुझी साइट दीक्षा घेतलेली आहे."

मला हे इतकं आवडलं की पुढचा महिनाभर मी ते भेटेल त्याला सांगत सुटलो. ज्यांना साइट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यांनाही सांगितलं.

नोंदणी उघडायची ती सकाळ आली. भिक्षाटन आटोपलं, भंत्यांचं जेवण झालं, आणि सगळा गाव फोन घेऊन सभामंडपात चटयांवर बसला. ज्याचे पैसे आधी पोचतील त्याचा अध्याय. ताई पहिल्या रांगेत. चष्मा पुसलेला, कार्ड रुमालात गुंडाळलेलं.

"मामा, आईकडे बघ जरा," असं सांगून खिंग मागच्या खोलीत आपल्या यंत्रापुढे जाऊन बसली.

ताईनं अध्याय निवडला. दाजींचं नाव लिहिलं. कार्डाचा आकडा भरला. टिंग करून बँकेचा ओटीपी आला. मी म्हटलं, "ताई, हा आकडा टाक आता पटकन."

ताईनं फोन दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि डोळे मिटले.

आता यात नवल ते काय? हातातलं दान कपाळाला लावून, कुणासाठी ते मनात म्हणून मगच द्यायचं, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. भाताची मूद असो नाहीतर नोट असो. मीही हात जोडून शेजारी बसलो.

ताईची प्रार्थना लांबली. आईबाप झाले, सासूसासरे झाले, दाजी झाले. मग दाजींनी विकलेल्या म्हशी सुरू झाल्या. "काळी. बांडी. मोडक्या शिंगाची. नदीपलीकडून आणलेली. ती लंगडी, तिचं रेडकू. ज्यांना ज्यांना त्यांनी दावं लावलं त्यांना हे पुण्य पोचो, आणि त्या यांना माफ करोत." प्रत्येक म्हैस वेगळी. एकीलाही गाळायची तिची तयारी नव्हती.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं होती. वेळ संपली, व्यवहार रद्द.

"हे काय रे, प्रासित?"

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा काळी, पुन्हा बांडी. पुन्हा रद्द. तिसऱ्यांदा तर बँकेनं कार्डच बंद केलं. कुणीतरी चोरीचं कार्ड वापरत असल्याचा संशय आहे, असं लिहून आलं.

"मी चोर?" ताई म्हणाली. "एवढ्या जणांना आठवून देतेय, आणि मी चोर? चोर कधी एवढा वेळ बसतो का?"

इकडे मागच्या खोलीत खिंगचा चेहरा पांढराफटक. तिनं बँकॉकच्या सहकाऱ्याला फोन लावला होता. "अरे, हल्ला झालाय आपल्यावर! पान उघडतात, ओटीपी मागतात आणि सोडून देतात. एकाच गावातून. सारखं तेच."

तिकडून तो म्हणाला, "रोबो असणार. माणूस असा वागतच नाही. तो सगळा भाग बंद करून टाक."

"कुठून येतंय ते बघते," म्हणून तिनं मान वळवली आणि खिडकीतून मंडप दिसला. गावच्या गाव डोळे मिटून, फोन कपाळाला लावून बसलेलं.

"ठेव तू," ती हळूच म्हणाली. "रोबो नाहीत. माझी आई आहे."

तोवर फक्त एकच अध्याय गेला होता. तैवानच्या कारखान्यातल्या एका पोरानं जेवणाच्या सुट्टीत क्षणात भरून टाकला. मंडपात त्यावर चर्चा झाली. "मनात काही न म्हणताच दिलं?" एक म्हातारी म्हणाली. "मग ते दान कसलं? ते तर वीजबिल."

खिंग बाहेर येऊन हात जोडून उभी राहिली. "मावश्यांनो, काकांनो, आधी प्रार्थना करा ना, मग फॉर्म उघडा."

"हातात काय धरून? रिकामे हात कपाळाला लावू?"

"मग ओटीपी आल्यावर नका करू. तो थोडाच वेळ जिवंत असतो."

"अगं, तो आल्यावरच तर करायची," ताई म्हणाली. "तुझी बँक आकडा पाठवून काय विचारते? खरंच तूच देतेयस ना? मग उत्तर मनापासून द्यायला नको?"

खिंगनं आईच्या फोनवरची लाल अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

"बँकेचा वेळ मी वाढवू शकत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण बँकेच्या आधी थांबायला जागा करून देऊ शकते."

दुपारपर्यंत तिनं खरंच नवं पान बसवलं. अध्याय आणि नाव लिहून झालं की जोडलेल्या हातांचं चित्र येई, खाली दानाची रक्कम, आणि एक बटण. हवा तेवढा वेळ फोन कपाळाला लावा, प्रार्थना झाली की बटण दाबा, मगच बँकेचं पान उघडेल. ताईचं कार्डही बँकेशी बोलून सुरू करून घेतलं. मी म्हटलं, पोरीनं काम केलं.

मंडपात सगळे फोन कपाळाला. मग एकेकानं डोळे उघडले, बटण दाबलं, समाधानानं "साधु, साधु" म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि शेवयांच्या पातेल्याकडे गेला.

खिंग धावत बाहेर आली. "अहो, कुठे चाललात? पैसे राहिले!"

"दिले की."

"कुठे दिले? फक्त प्रार्थना झाली. कार्ड कुठे भरलंय?"

"बाळ," त्याच म्हातारीनं तोंडातली शेवई आवरत समजावलं, "कपाळाला लावून एकदा दिलं की दिलं. पुन्हा कार्ड मागतेस? दिलेलं पुन्हा मागू नये. पाप लागतं."

खिंग पायरीवरच बसली. मी पाहिलं तर ताईही शेवया वाढून घेत होती, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी दिसलेलं हसू. मी तिला कोपरानं ढोसलं. "ताई, चल लवकर. तुझंही राहिलंय."

ती आली तोवर लेकरांच्या अध्यायापुढे नाव झळकत होतं, मुईलान.

मुईलान म्हणजे रॉयएत शहराच्या बाजारात सोन्याचं दुकान असलेली शेठाणी. जन्म नोंगखामचाच. तिनं दुकानात बसल्या बसल्या फोन कपाळाला टेकवला, "भरभराट होवो" एवढंच म्हटलं आणि गिऱ्हाइकाच्या बांगडीचं वजन होईस्तोवर पैसे भरूनही टाकले. नियमानं अध्याय तिचा.

ताईनं वाडगा खाली ठेवला, रुमालात कार्ड पुन्हा नीट गुंडाळलं आणि घरी निघाली. मला तिच्या ओरडण्याची भीती होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खिंग तिच्या पाठीकडे बघत म्हणाली, "मामा, माझ्याच फॉर्मनं माझ्याच बापाचा अध्याय घालवला."

दोन दिवस मायलेकींत बोलणं नव्हतं. मग मी भंते फोम्मांकडे गेलो. ते सुपारी कुटत होते. म्हणाले, "मुईलानचं दान परत करता येत नाही. पण अवचित दानाचं काय? ते नाही का बसवलं पोरीनं?"

अवचित दान म्हणजे कुणीही आख्यानाच्या दिवशी ढोल वाजवत, फांद्यांना नोटा बांधलेलं पैशांचं झाड घेऊन विहारात यायचं. ते दान त्या क्षणी गादीवर जे भंते असतील त्यांच्या अध्यायाला जातं. आधी निवडायचं नसतं, विचारायचंही नसतं.

खिंग ऐकता ऐकताच उठली. तिसऱ्या दिवशी फॉर्म तयार. त्यात अध्यायाचा रकानाच नव्हता. पैसे बँकेत पोचतील त्या क्षणी गादीवर जे असतील, दान त्यांच्या अध्यायाला. गादीवरचे भंते बदलले की बटण दाबायचं काम माझ्याकडे.

"आई, ऐक," खिंग म्हणाली. "भंते फोम्मांचा अध्याय चालू असताना तुझे पैसे पोचले पाहिजेत. आधी नको, नंतर नको. नाहीतर मी माझ्या कार्डावरून भरते."

"मग पुण्य तुझं. नवरा माझा होता."

"बाप माझा होता!"

"तू वेगळं दे. मी कुठे अडवलंय?"

आख्यानाचा दिवस उजाडला. मंडप केळीच्या खुंटांनी आणि उसांनी सजलेला. लेकरांच्या अध्यायाची वेळ जेवणानंतरची. भंते फोम्मा गादीवर चढले. यजमानीण म्हणून मुईलान शेठाणी फुलांचं तबक घेऊन पुढ्यात. तिच्यामागे ताई, ताईशेजारी खिंग. मी बटण दाबलं. भंत्यांनी आवाज लावला.

लेकरं पळाली. तळ्यात उतरली. पानांआड लपली. ताईनं फोन काढला.

जोडलेल्या हातांच्या पानावर सगळ्या म्हशी शांतपणे झाल्या. खिंगनं निःश्वास सोडला. कार्ड भरलं. टिंग. आकडा आला, आणि ताईचे हात सवयीनं वर गेले.

"आई! नको! आकडा टाक!"

"काळी. बांडी..."

वेळ संपली. दुसऱ्यांदाही तेच. खिंग माझ्याकडे बघून फुटलेल्या आवाजात पुटपुटली, "मामा, अजून एकदा चुकलं तर बँक कार्ड बंद करणार."

गादीवर भंत्यांनी आमच्याकडे पाहिलं. बापानं आतापर्यंत पोरांना पाण्याबाहेर बोलवायला हवं होतं. पण भंत्यांनी कमळांचं वर्णन घेतलं. पांढरी कमळं, तांबडी कमळं. मग पाण्यातले मासे. मग माशांची आई. पुढच्या अध्यायासाठी बाहेरगावाहून आलेले भंते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, पोरांना बाहेर काढा ना. सर्दी होईल त्यांना."

"मोठ्या भंत्यांना सांगा," मी म्हटलं. ते कोण सांगणार?

मुईलान शेठाणी मागे वळली. "लमदुआन, काय चाललंय? माझा अध्याय संपेना का?"

खिंगनं हात जोडून सगळं सांगितलं. बाबा, म्हशी, ओटीपी. मला वाटलं, आता ही भडकणार. तिनं तबक खाली ठेवलं.

"किती म्हशी?"

"मावशी, पुष्कळ. एकटीला वेळेत होत नाहीत."

"मग एकटीनं कशाला म्हणायच्या?" शेठाणी मंडपाकडे तोंड करून दुकानातल्या आवाजात गरजली. "अरे ऐका! बुन्थानच्या म्हशी वाटून घ्या! माझ्याकडे काळी आणि बांडी. तू मोडक्या शिंगाची घे. तिकडच्या रांगेनं नदीपलीकडच्या. सगळ्यांनी एकदम म्हणायच्या. लमदुआन, तू फक्त नवऱ्याचं नाव घे. चल, मागव आकडा!"

टिंग.

फोन कपाळाला गेला. शेठाणीनं ताईच्या दंडाला हात लावला, मागच्या बाईनं शेठाणीच्या खांद्याला, तिच्या मागचीनं तिच्या. दान एकाच्या हातात असलं तरी हात लावणाऱ्या सगळ्यांचं होतं. मंडपभर एकच गलका उठला. लंगडी, तिचं रेडकू, पांढऱ्या शेपटीची, पुराच्या वर्षी विकलेली. माझ्या वाट्याला कुणी काही दिलं नव्हतं, म्हणून दाजींनी एकदा माझ्याच सासऱ्याला फसवून विकलेल्या म्हशीचं नाव मी घेतलं. वर भंत्यांचा आवाज माशांच्या आजीपर्यंत पोचला होता.

ताईनं डोळे उघडले. "झालं."

"टाक आकडा!" खिंग ओरडली. "आणि कुणी बघू नका, गुपित असतं ते!"

अख्ख्या मंडपानं डोळे गच्च मिटले. भंते फोम्मांनीसुद्धा.

माझ्या पुढच्या पडद्यावर ओळ उमटली. मी कर्णा तोंडाशी धरला. पुकारायला तोंड उघडलं तर आवाजच येईना. दाजींसारखाच मीही विहारात मुका झालो. शेवटी कसाबसा फुटला. "अवचित दान! लेकरांच्या अध्यायाला! बुन्थान यांच्या नावानं!"

"साधु! साधु! साधु!"

भंत्यांनी दोनच ओळींत पोरांना तळ्याबाहेर काढलं, याचकाच्या हवाली केलं आणि अध्याय मिटवला. एवढा ताणल्यावर घाई करणं भागच होतं. बाहेरगावचे भंते लगबगीनं गादीकडे निघाले.

ताई इकडेतिकडे बघू लागली. "संपला?"

"संपला, आई. पैसे पोचले. बाबांचं नाव झालं."

"पण मी कुठे ऐकला? मी तर फोनमध्येच होते." "हे असते तर कुठे रडले असते तेसुद्धा कळलं नाही मला."

गादीवरून उतरता उतरता भंते फोम्मा थांबले. एक पाय खाली, एक वर. मग त्यांनी खालचा पाय पुन्हा वर घेतला.

"ज्याच्या नावानं दान आलं," ते म्हणाले, "त्याला काय माशांची आजीच ऐकवायची? बसा सगळे. पहिल्यापासून."

बाहेरगावचे भंते जिथे होते तिथेच चटईवर बसले आणि त्यांनी शेवया मागवल्या. मग शेवया नको म्हणाले. भंत्यांनी दुपारनंतर खायचं नसतं, हे त्यांना वाडगा हातात आल्यावर आठवलं.

खिंगनं आईच्या हातातला फोन काढून घेतला, बंद केला आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवला. भंत्यांनी आवाज लावला. लेकरं पळाली, तळ्यात उतरली. कमळं नाहीत, मासे नाहीत, सरळ बापाची हाक आली. ताईनं तोंडाला पदर लावला नाही, मान खाली घातली नाही. बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात रडली. तिच्यापुढे मुईलान शेठाणी तर तिच्याहून मोठ्यानं.